यानाचा फोटो टाका, आणि त्यामागचं रामायणही सांगा

मंडळी, कर्बल स्पेस प्रोग्रॅम, ऑर्बिटर, रीएन्ट्री असे कॉम्प्युटरवरचे अंतराळयानाचे गेम किंवा मोबाइलवरचे रॉकेटचे गेम, जे काही उडवत असाल त्यातला एखादा स्क्रीनशॉट टाका. अट एकच, फोटो काढायच्या आधी काय घडलं ते सांगायचं. देखण्या चित्रांना तोटा नाही. ढगांचे नि उजेडाचे मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जोडण्या) टाकले की कुणाचंही यान कॅलेंडरवर शोभेल असं दिसतं. मला इंधन किती उरलं होतं ते ऐकायचंय. कर्बलमध्ये एफ २ दाबलं की सगळे काटे-आकडे गायब होतात आणि एफ १ ने फोटो निघतो, हे ठाऊक आहे. पण इथे काटे राहू द्या.

सुरुवात मीच करतो. फोटोत कर्बलमधल्या मिनमस या छोट्या चंद्रावरचं पुदिन्याच्या रंगाचं सपाट मैदान आहे आणि माझा लँडर कुशीवर पडलाय. तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या विसाव्या हिश्शाएवढं, त्यामुळे पडणंसुद्धा सावकाश. एक पाय टेकला, उसळला, कलला, आणि मी हातातला कप खाली ठेवेपर्यंत तो कलतच होता. उभा कसा केला तेही सांगतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. पाय मिटून घेतले, रिअ‍ॅक्शन व्हीलच्या (यान वळवणाऱ्या आतल्या चाकांच्या) जोरावर अर्धवट उठवला आणि त्याच क्षणी पाय उघडले. उरलेलं काम पायांच्या धक्क्याने केलं. इतक्या कमी गुरुत्वाकर्षणात हे चालतं, मुनवर, म्हणजे कर्बलमधल्या मोठ्या चंद्रावरही, लँडर हलका असेल तर जमतं.

नाइटशिफ्ट, चाकण

माझा फोटो म्हणजे नुसता नकाशा आहे. दोन कक्षांच्या रेघा आणि अंतराचा आकडा. पण त्या आकड्यासाठी किती रात्री जागलोय ते माझं मला माहीत.

डॉकिंग, म्हणजे कक्षेत दोन यानं जोडणं, शिकताना सगळ्यांची गाडी इथेच अडते. समोर यान दिसतंय, नाक तिकडे केलं, इंजिन लावलं, आणि थोड्या वेळाने बघावं तर अंतर वाढलेलं! वेग वाढवला की कक्षा मोठी होते, मोठ्या कक्षेला फेरी पुरी करायला वेळ जास्त लागतो, म्हणजे घाई केली की मागे पडलोच. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावं लागतं. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ यानातून अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायला निघाले होते, असंच नाक तिकडे करून. इंधन उडालं, टप्पा काही हाती लागला नाही, शेवटी नाद सोडावा लागला. ते वाचलं आणि मला फार बरं वाटलं.

जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने स्पेडेक्स या डॉकिंगच्या प्रयोगाची दोन यानं ३ मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा लांब नेली, तेव्हा आमच्या प्लांटच्या ग्रुपवर लगेच 'फसलं वाटतं' सुरू झालं. अरे, तितक्या जवळ जाऊन धडक न देता मागे येता येणं हीच तर परीक्षा! चार दिवसांनी, १६ तारखेला, यानं जुळली. मग तेच लोक मिठाईचे फोटो टाकत होते.

आठवीतल्याची आई, सांगली

मी स्वतः खेळत नाही. फोटो मुलाचा आहे, मोबाइल माझा, कारण त्याला अजून वेगळा दिलेला नाही.

चंद्रयान-३ उतरलं तेव्हा, २३ ऑगस्ट २०२३ ला, शेजारपाजारचेही आमच्याकडे टीव्हीपुढे बसले होते. पडद्यावर एक वाकडी रेघ आणि बदलणारे आकडे. सासरे म्हणाले, "३० किलोमीटरवर आहे ना, मग सरळ खाली का येत नाही?" पोरगं तेव्हा सहावीत होतं. म्हणालं, "आबा, ते खाली कमी येतंय आणि आडवं जास्त पळतंय. सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर. आधी ते पळणं मारायचं, मग खालचं बघायचं." आबांनी टीव्हीचा आवाज बारीक करायला लावला आणि पुढची सगळी कॉमेंट्री नातवाकडून ऐकली. ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम टेकलं, तेव्हा आबांनी टाळी आधी त्याला दिली.

या फोटोत त्याचं यान चंद्रावर उभं आहे आणि टाकीत थेंबही नाही. "आता परत कसा येणार?" असं विचारलं तर म्हणतो, "विक्रम तरी कुठे परत आला?"

बूस्टरवाला

फोटो बघा. पॅराशूट आणि पहिलं इंजिन एकाच स्टेजला, म्हणजे एकाच वेळी सुटणार. स्पेसबार दाबला. बाकी काही सांगायची गरज आहे का?

जुना खोड, डोंबिवली

कर्बलवाल्यांनो, जरा सरका. आम्ही ऑर्बिटरवाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वाइगर यांनी तो २००० मध्ये फुकट वाटायला सुरुवात केली, २०२१ मध्ये त्याचा कोडही खुला केला. कर्बलसारखे हिरवे पायलट नाहीत, गुण नाहीत, शाबासकी नाही. खरी सूर्यमाला आणि तुम्ही.

माझं वेड म्हणजे अटलांटिस शटल खाली आणणं. वातावरणात शिरताना नाक ४० अंश वर, मग डावी-उजवीकडे लांबलांब वळणं घेत वेग जिरवायचा. इंजिन बंद, म्हणजे धावपट्टी चुकली तर पुन्हा घिरटी मारून यायची सोय नाही. फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्राची धावपट्टी साडेचार किलोमीटर लांब, पण वरून काडीएवढीही दिसत नाही. कक्षा सोडल्यापासून उतरेपर्यंत तासभर जातो आणि नेमकं तेव्हाच घरातून पानं वाढल्याची हाक येते.

त्या रात्री वेग नीट जिरला नाही. फ्लोरिडा पायाखालून निघून गेला, धावपट्टीही गेली. पण जुन्या ऑर्बिटरमध्ये समुद्र जमिनीइतकाच टणक असायचा. चाकं काढली आणि टेकवलं. फोटोत अटलांटिस अटलांटिक महासागरावर चाकांवर उभं आहे, ओरखडासुद्धा नाही. असलं लँडिंग मी मोजतो, कुणी काही म्हणो.

म्युनिकहून

कर्बलमधली पृथ्वी खऱ्या पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाएवढी, त्रिज्या ६०० किलोमीटर. खऱ्या आकाराचा मॉड टाकला की गंमत संपते आणि हिशेब सुरू होतो. मी त्यात मंगळयानाची वाट धरली. १३३७ किलोचं यान, ४४० न्यूटनचं इंजिन. एवढ्याशा इंजिनाने एका दमात पृथ्वी सुटत नाही. म्हणून प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलं की थोडं जाळायचं, कारण तिथे वेग जास्त आणि तेवढ्याच इंधनात ऊर्जा जास्त मिळते. कक्षेचं दुसरं टोक दर वेळी लांब सरकत जातं. इस्रोचीसुद्धा नोव्हेंबर २०१३ मधली एक खेप कमी पडली होती, ती दुसऱ्या दिवशी भरून काढली.

मंगळाकडे सोडणारा शेवटचा जाळ सुमारे २२ मिनिटांचा. इंजिन चालू असताना गेममध्ये वेळ फार पळवता येत नाही, त्यामुळे ती बावीस मिनिटं काट्याकडे बघत काढावी लागतात. मी उरलेली भांडी घासली. फोटो त्यातला आहे. यान, ज्योत, खाली काळा अंधार.

एक फरक मात्र खटकतो. खऱ्या मंगळयानाचं मुख्य इंजिन जवळजवळ ३०० दिवस झोपलेलं होतं, म्हणून पोहोचायच्या दोन दिवस आधी ते चार सेकंद पेटवून पाहिलं गेलं. माझ्याकडे बिघाडाचा मॉड नाही, त्यामुळे इंजिन हाकेसरशी पेटलं. त्या चार सेकंदांची धाकधूक गेममध्ये नाही.

लॉकडाउनवाला

२०२० मध्ये स्पेसएक्सने ब्राउझरवर चालणारा डॉकिंगचा खेळ ठेवला होता, तो मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून खेळायचो. सगळे आकडे हिरवे ठेवायचे आणि शेवटी सेकंदाला ०.२ मीटरच्या आत राहायचं. सगळी हुशारी बटण न दाबण्यात आहे.

नवखी, ठाणे

मुनवर उतरताना ब्रेक कधी लावायचा ते कुणीतरी नीट सांगा ना. एकतर फार वर थांबते आणि इंधन संपतं, नाहीतर खड्डा पडतो.

धागाकर्ता

ताई, पूर्ण जोर लावला तर वेग दर सेकंदाला किती घटतो ते बघा आणि त्यातून मुनची ओढ वजा करा, म्हणजे सेकंदाला १.६ मीटर. समजा ५ उरले आणि वेग सेकंदाला १०० मीटर आहे. वेगाचा वर्ग भागिले दहा (पाचाची दुप्पट), म्हणजे १००० मीटर. त्याच्या थोडं आधी सुरू करा. आणि वरचा उंचीचा आकडा जमिनीपासूनचा लावून घ्या. तो मुळात शून्य पातळीपासून मोजतो आणि मुनवर डोंगर हजारो मीटरचे आहेत.

नवखी, ठाणे

उतरले!! फोटो टाकलाय, काट्यांसकट. माझी पायलट व्हॅलेंटिना बाहेर आली, उडी मारली. शिडी लावायची राहिली.

धागाकर्ता

मुनवर पाठीवरचा जेटपॅक परत वर चढायला पुरतो, काळजी नको. ईव्ह या जास्त ओढीच्या ग्रहावर जाल तेव्हा मात्र शिडी आठवणीने लावा, तिथे तो उचलत नाही.