जिल्हा रुग्णालयात एमडी-एमएस घडावेत का?

रानवाट
जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अध्यापकांच्या पात्रतेचे नियम बदलले. २२० किंवा जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेला एमडी-एमएस आता सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. दोन वर्षांचा अनुभव असेल तर सहायक प्राध्यापक, तोही सीनियर रेसिडेन्सी, म्हणजे एमडी-एमएसनंतरची कॉलेजातली निवासी नोकरी, न करता. संशोधनाचा मूलभूत कोर्स तेवढा दोन वर्षांत पूर्ण करायचा. दोन अध्यापक असले की दोन पीजी, म्हणजे पदव्युत्तर, जागा सुरू करता येतात.

म्हणजे जिल्ह्यातच तज्ज्ञ घडवायची वाट मोकळी झाली, आणि माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. आज पीजीचा विद्यार्थी जिल्ह्यात येतो तो जिल्हा निवासी कार्यक्रमाचे, म्हणजे डीआरपीचे, तीन महिने. तेवढ्यात ना हात बसतो, ना जिल्हा कळतो. तुमचं मत काय?

तिसरा प्रहर
माझा विरोध. पद दिल्याने शिकवणं होत नाही. सिव्हिलमधल्या सर्जनचा आठवडा बघा: ओपीडी, ऑपरेशन थिएटर (ओटी), पोस्टमॉर्टेम, कोर्टात साक्ष, दिव्यांग प्रमाणपत्राचं बोर्ड. दोनच अध्यापकांच्या विभागात एक साक्षीला गेला आणि दुसरा ओटीत असला की वॉर्डात रेसिडेंट, म्हणजे पीजी शिकणारा डॉक्टर, एकटा. राउंड कोण घेणार?

दुसरं, सर्जरी शिकायची तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट ऑपरेशन करणाऱ्याकडे परत आला पाहिजे. गाठ बाहेरच्या लॅबला जाते आणि रिपोर्ट नातेवाइकांच्या पिशवीत राहतो. आपलं निदान बरोबर होतं की नाही हे रेसिडेंटला कधी कळतच नाही. अशाने चूक पक्की होते.

हिरडा
@तिसरा प्रहर, पण जिल्ह्यात जे शिकायला मिळतं ते महानगरात मिळत नाही. सर्पदंशच घ्या. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी पुस्तकात दोन ओळींची आहे. दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची; रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय असं धरायचं. प्रत्यक्षात बिनसतं ते ट्यूबपाशी. प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि प्रतिविषाच्या दहा व्हायल विनाकारण जातात. उलट मण्यारीच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठतं. चाचणी नॉर्मल म्हणून रुग्णाला घरी पाठवलं की पहाटे पापण्या मिटतात, श्वास थांबतो. पापणी, गिळणं आणि मान उचलणं तासातासाला तपासत राहायचं, ही सवय असे रुग्ण बघूनच लागते. विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवला तो महाडला, मुंबईत नव्हे.

आणि लहान गावात शिक्षण होत नाही असं कुठे आहे? सेवाग्रामचं कॉलेज १९६९ चं. अंबाजोगाई तर तालुक्याचं ठिकाण.

तिसरा प्रहर
सेवाग्राम आणि अंबाजोगाईला पूर्ण कॉलेज उभं राहिलं: सगळे विभाग, लायब्ररी, वसतिगृह. दोन अध्यापकांचा विभाग त्यांच्या रांगेत बसवू नका. सर्पदंशाचं मात्र मान्य. ते शिकायला जिल्ह्यातच जावं लागेल.

मधली आळी
डीआरपीत काय चुकतं ते नीट पाहिलं तर दोघांनाही उत्तर मिळेल. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीही तीन महिने पाठवायचं, आणि ते पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही, हे ठीक. पण नावं बहुतेकदा यादीच्या क्रमाने पाठवली जातात, विषय जुळवून नाही. स्त्रीरोगाचा रेसिडेंट जातो आणि तिथे भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असते. मग सिझेरियनची बाई १०८ मध्ये बसवून पुढे पाठवायची, एवढंच त्याच्या हाती राहतं. स्त्रीरोग, भूल आणि बालरोग हे तिघे एकाच वेळी, एकाच रुग्णालयात पाठवले तर ओटी चोवीस तास चालते आणि तिघंही शिकतात.

कॉलेजची अडचणही खरी आहे. बारा जणांची बॅच असेल तर त्या तीन सत्रांचं दीड वर्ष सतत दोघं बाहेर. त्यांच्या ड्युट्या उरलेल्यांवर पडतात, म्हणून विभागप्रमुख पाठवायला टाळाटाळ करतात. आणि लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, शेवटच्या दिवशी एका बैठकीत सही होतं, हे तर थांबलंच पाहिजे. दर शनिवारी सही, केसच्या नोंदणी क्रमांकासह.

तिसरा प्रहर
हे पटतं. मग मी माझा विरोध विषयापुरता ठेवतो. भूल, स्त्रीरोग, बालरोग, फॅमिली मेडिसिन यांना जिल्ह्यात जागा द्या. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे दोन वर्षांचे डिप्लोमा या विषयांत आहेतच. सर्जरी आणि रेडिओलॉजीच्या जागा मात्र, पॅथॉलॉजिस्ट आणि एमआरआय त्याच आवारात असल्याशिवाय, देऊ नयेत. विद्यार्थ्याची तीन वर्षं परत मिळत नाहीत.

रानवाट
@तिसरा प्रहर, रेडिओलॉजीचं मान्य, सर्जरीचं नाही. हर्निया, अपेंडिक्स, मधुमेही पाय, आतड्याला छिद्र पडलेलं पोट, हे जिल्ह्यातच भरपूर येतं, आणि लहान गावात बसणाऱ्या सर्जनला आयुष्यभर हेच करायचं असतं. पॅथॉलॉजीची अट वेगळ्या रीतीने पाळता येईल: प्रत्येक नमुना जवळच्या सरकारी कॉलेजला, मागणीच्या फॉर्मवर रेसिडेंटचं नाव, रिपोर्टची एक प्रत थेट विभागात, आणि महिन्यातून एकदा त्याच कॉलेजच्या पॅथॉलॉजिस्टबरोबर व्हिडिओवर स्लाइड वाचन. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी सहा महिने कॉलेजात, म्हणजे आजच्या डीआरपीच्या उलट दिशेने.

साक्ष आणि बोर्डाच्या कामाबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र सगळ्यात मोठं दुखणं आहे. पीजी जागा मंजूर करतानाच त्या विभागाला एक जादा वैद्यकीय अधिकारी द्यावा, फक्त या कामांसाठी. तो नसेल तर त्या वर्षी प्रवेश थांबवा, यावर मी तुमच्या बाजूने आहे.