खालची खोली, शनिवार चार ते पाच

प्रेषक: अक्का

मंडळी,

झटका (स्ट्रोक) आलेल्यांना आपसात बसून बोलायला मंडळात जागा हवी, असं वर्गणीच्या मेलखाली बापूंनी लिहिलं होतं, त्याचंच पुढे. एक शनिवार सोडून एक, चार ते पाच, आम्हाला खालची खोली हवी आहे. वरची नको. जिना आहे.

अण्णांना झटका येऊन सात महिने झाले. इस्पितळाच्या गटात दोनदा नेलं. माणसं चांगली आहेत, पण सगळं इंग्रजीत, आणि अण्णांचं इंग्रजी त्या दिवशी गेलं ते गेलंच. नोकरी सगळी त्याच भाषेत केली, तरी. मराठी आहे, मोडकंतोडकं का होईना. दुसऱ्या खेपेला एका गृहस्थांनी नाव विचारलं. अण्णांनी तोंड उघडलं, नाव काही येईना, म्हणून मी सांगून टाकलं. घरी येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

व्याख्यान नको, पाहुणा नको, फोटो तर नकोच. ज्यांना हे झालंय ती माणसं आत, आणि आम्ही सोबतीची माणसं बाहेर. हातवाल्या चार खुर्च्या लागतील. एवढंच.

अक्का

---

प्रेषक: भाऊ (नाट्य विभाग)

अक्का, अण्णांना नमस्कार सांगा. पण खालच्या खोलीत शनिवारी तीनपासून तालीम असते. आजची नाही, जुन्या कार्यकारिणीपासून. पडदे, पेट्या, तलवारी सगळं तिथेच आहे. एकांकिकेला पाच आठवडे राहिलेत आणि अजून दुसरा प्रवेश उभा राहिलेला नाही.

वरची खोली चार वाजता रिकामी असते, हवेशीर आहे. पायऱ्या फक्त चौदा, आणि कठडा आहे.

भाऊ

---

प्रेषक: बापू

डाव्या हाताने टाइप करतोय. थोडक्यात.

कठडा एकाच बाजूला आहे. चढताना डाव्या हाताला येतो, म्हणून मी चढतो. उतरताना तोच कठडा उजव्या हाताला. माझा उजवा हात तीन वर्षं पाहुण्यासारखा बसून आहे. भाऊ, वर गेलेला माणूस खाली कसा आणायचा, हे संहितेत आहे का?

---

प्रेषक: माई

बापू, उलटं उतरायचं. आमच्या ह्यांना फिजिओने तेच शिकवलं होतं. तोंड जिन्याकडे, चांगला हात कठड्यावर, आणि दुबळा पाय आधी खाली. चढताना मात्र चांगला पाय आधी. ह्यांनी दोन वर्षं घरचा जिना असाच केला.

---

प्रेषक: बापू

माई, येतं मला. पण मी उलटा उतरणार आणि खालून भाऊंचे मावळे तलवारी घेऊन वर येणार. शिवाय जाऊनयेऊन अठ्ठावीस पायऱ्या केल्यावर बोलायला त्राण कुठलं?

---

प्रेषक: डॉक्टर मावशी

बापूंचं शेवटचं वाक्य गंमत म्हणून सोडून देऊ नका. झटक्यानंतरचा थकवा हा वेगळाच प्रकार असतो. झोप काढली की जाणाऱ्यातला नव्हे. पायऱ्या चढण्यात दिवसाचं इंधन संपलं की आधी बोलणं अडतं, मग चिडचिड.

आणि जिन्यावर 'मदत' करणाऱ्यांसाठी: दुबळ्या हाताला धरून ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. खांद्याचा सांधा स्नायूंच्या बळावर जागेवर असतो. ते बळ गेलं की खांदा निसटतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो. मागच्या वर्षी रंगमंचाच्या पायऱ्यांवर बापूंना दोघांनी वर घेतलं ते मी पाहिलं. हेतू चांगला होता.

---

प्रेषक: नाना (आरोग्य समिती)

सप्रेम नमस्कार.

मंडळात आरोग्य समिती नावाची एक गोष्ट आहे, याची नम्र आठवण. आरोग्यविषयक उपक्रम समितीमार्फत व्हावेत असा ठराव आहे (ज्येष्ठ कट्ट्याच्या वेळचा प्रसंग सर्वांना स्मरतच असेल). अक्कांविषयी आदर आहे, पण पद्धत ही पद्धत.

माझी सूचना अशी. २९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन असतो. त्या सुमारास समिती तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवेल, मोठ्या सभागृहात, स्लाइडसह. जागतिक स्ट्रोक संघटनेच्या अंदाजानुसार २५ वर्षांवरील दर चौघांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी स्ट्रोक येतो. म्हणजे विषय सगळ्यांचाच आहे. चार जण खोलीत नुसते बसून काय साधणार? नाव 'पक्षाघात मेळावा' ठेवावे.

---

प्रेषक: काका (शुद्धलेखनवाले)

नानांचं 'मेळावा' सोडा. पक्षाघातातला 'पक्ष' म्हणजे शरीराची एक बाजू. अर्धांगवायूतही अर्धं अंगच. लकवा तर तोंडाचाही असतो आणि त्याचं कारण पुष्कळदा निराळंच असतं. हे सगळे शब्द अंग लुळं पडण्याचे आहेत. मेंदूतल्या रक्तवाहिनीला काय झालं, ते एकही सांगत नाही. 'झटका' म्हणावं तर हृदयाचाही झटकाच. मी 'मेंदूचा झटका' सुचवतो.

---

प्रेषक: बंडू

काका, तुमच्याच मुद्द्यावर. माझे दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत आहेत. यादीवर कुणाला सांगितलं नव्हतं. वय ४४. दीड वर्षापूर्वी मेंदूच्या उजव्या मागच्या भागात गुठळी अडकली आणि डाव्या बाजूचं दिसणं गेलं. डावा डोळा नव्हे, दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही. मागच्या संमेलनात मी ज्यांना ओळख दाखवली नाही, ते बहुतेक माझ्या डावीकडे उभे होते. माफ करा.

'तू तर ठणठणीत दिसतोस' हे वाक्य मी आता मोजायचं सोडलंय. दोन तास माणसांत बसलो की दुसरा दिवस अंथरुणात जातो, ते कुणाला दिसत नाही.

आता नानांच्या 'काय साधणार'बद्दल. मला वाचताना ओळीची सुरुवातच सापडायची नाही. 'अनिवार्य' असेल तिथे नुसतं 'वार्य' वाचायचो आणि वाक्य लागेना म्हणून चिडायचो. तपासणीच्या रांगेत शेजारी एक बाई होत्या, त्यांचंही तसंच. त्या म्हणाल्या, पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेव, पट्टी दिसेपर्यंत मान वळव, मगच वाचायला लाग. दहा मिनिटांची ओळख. तेव्हापासून वाचतोय. नंतर कळलं की थेरपिस्टही हेच सांगतात, पण माझ्यापर्यंत ते त्या बाईंकडून आलं.

मी येईन. फक्त मला ज्येष्ठ कट्ट्यात धरू नका.

---

प्रेषक: नंदू

सर्वांनी जरूर वाचा आणि पुढे पाठवा!! स्ट्रोक आल्यास रुग्णाला हलवू नका, सुईने दहाही बोटांची टोकं टोचा, रक्त आलं की रुग्ण शुद्धीवर येतो. (दुसऱ्या ग्रुपवरून साभार)

---

प्रेषक: डॉक्टर मावशी

नंदू, हे पुढे पाठवू नकोस. पाठवलं असशील तर मागे घे.

टोचाटोचीने काहीही होत नाही, वेळ तेवढा जातो. गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी स्कॅन, कारण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे बाहेरून कळत नाही आणि रक्तस्रावात ते औषध दिलं तर घात होतो. तोंड एका बाजूला ओघळलं, हात वर राहीना, बोलणं अडखळलं, की ॲम्ब्युलन्स. आणि माणूस शेवटचा धड कधी होता ती वेळ लक्षात ठेवा. तिथे पहिला प्रश्न तोच येतो.

---

प्रेषक: यादीचालक

साभार मजकूर बंद. तिसऱ्यांदा सांगतोय. धागा खोलीचा आहे, खोलीवर लिहा.

---

प्रेषक: ताई

खोलीवरच लिहिते, पण वळसा घेऊन. मी वाचोपचाराचं (स्पीच थेरपीचं) काम करते, अण्णा माझे रुग्ण नाहीत, म्हणून बोलू शकते.

अण्णांना आहे तो वाचाघात, म्हणजे झटक्याने भाषाच अडते ती अवस्था. झटका आलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला तो सुरुवातीला तरी होतो. बुद्धी जात नाही. पॉल ब्रोका या डॉक्टरांनी १८६१ साली पॅरिसमध्ये ज्या रुग्णाबद्दल लिहिलं, तो 'टॅन' एवढंच म्हणायचा, पण समोरच्याचं बरंचसं त्याला कळत होतं. इंग्रजी गेलं आणि मराठी राहिलं, हेही ढोंग नव्हे. बहुतेकांच्या सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात, पण काहींची एक पुढे जाते आणि दुसरी मागे राहते. पुढे जाणारी नेहमी मातृभाषाच असते असंही नाही.

सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते, असं अक्कांना कुणीतरी सांगितलंय. पहिल्या काही महिन्यांत वेग जास्त असतो, हे खरं. थांबते, हे खरं नाही. वर्षांनंतरही शब्द परत येताना मी पाहिलेत.

खोलीचं म्हणाल तर शांतता हवी. भिंतीपलीकडे तलवारी चालल्या तर वाचाघातवाल्याला काही ऐकू लागत नाही. कागद आणि जाड पेन ठेवा. एका वेळी एकच प्रश्न, तो हो-नाही करता येईल असा. आणि मग थांबायचं. दहा सेकंद थांबून बघा, किती लांब असतात ते.

---

प्रेषक: काका (शुद्धलेखनवाले)

'वाचाघात' उत्तम. माझं 'मेंदूचा झटका' मागे घेतो.

जाता जाता: स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० साली झटका आला. उजवी बाजू आणि वाचा गेली. पुढे कविता छापल्या, पियानो डाव्या हाताने वाजवला, आणि २०११ साली नोबेल मिळालं. बापू, डाव्या हाताबद्दल म्हणून.

---

प्रेषक: बापू

काका, मला पियानो येत नव्हता. आताही येत नाही. तेवढं माझ्या झटक्यावर घालू नका.

एक गोष्ट मात्र लिहितो. पहिल्या वर्षी मला रडू यायचं. दुःखाचं नव्हे. क्रिकेटचा स्कोअर ऐकला तरी यायचं, आणि कधी भलत्या वेळी हसू. घरचे खेळ बंद करायचे, विषय बदलायचे. मला वाटलं वेड लागलं. मग एका साठीच्या ड्रायव्हरने सांगितलं, मलाही होतं, मेंदूचा ब्रेक सैल झालाय, रडून घे आणि पुढचं बोल. कुणी माझ्या रडण्यावर 'पुढचं बोल' म्हणायची ती पहिलीच वेळ. ती खोली मला हवी आहे. अण्णांनाही.

---

प्रेषक: नाना (आरोग्य समिती)

समितीचा विरोध नाही, हे नोंदवावे. व्याख्यान वेगळं होईल. मात्र उपक्रम समितीच्या अहवालात धरला जाईल.

---

प्रेषक: भाऊ (नाट्य विभाग)

ताईंच्या दहा सेकंदांवर. तीस वर्षं नाटक बसवतोय. नट अडकला की कच्चा प्रॉम्प्टर लगेच ओरडतो. वाक्य त्या नटाच्या ओठांवर आलेलं असतं, ते तिथेच मरतं, आणि पुढचा अख्खा प्रवेश तो प्रॉम्प्टरच्या तोंडाकडे बघत काढतो. चांगला प्रॉम्प्टर नटाचा श्वास बघतो. अडकलाय की थांबलाय, ते श्वासावरून कळतं. अक्का, राग मानू नका, तुम्ही आमच्या पहिल्या नाटकाला प्रॉम्प्टिंग केलं होतं ते मला आठवतं.

तालीम त्या शनिवारी पाचला सुरू करतो. पाच म्हणजे पाच. पेट्या हलवणार नाही.

---

प्रेषक: अक्का

राग कसला. तेव्हाही तुम्ही ओरडला होतात.

काल घरी करून पाहिलं. कधी जायचं, विचारलं आणि गप्प बसले, पदराचं टोक मुठीत धरून. अण्णांना वार एकटा सांगता येत नाही, सोमवारपासून पाढ्यासारखी सुरुवात करावी लागते. सोमवार, मंगळवार, असं करत शनिवारपर्यंत आले. थांबता येत नाही त्यामुळे रविवारही तोंडातून गेलाच, पण बोट शनिवारला वर झालं होतं. सगळं मिळून पाऊण मिनिट लागलं असेल. मी तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

तर हे तिघे आत: अण्णा, बापू, बंडू. बाहेर मी, आणि माई म्हणाल्या त्या येतील. नाना, अहवालात हवं ते लिहा, नावं मात्र घालू नका. अजून कुणाला यायचं असेल आणि यादीवर सांगायचं नसेल तर मला वेगळं लिहा. बंडूने दीड वर्ष लिहिलं नव्हतं, तसे आणखीही असतील.

बंडूला उजव्या कोपऱ्यात बसवू नका. बाकीचे सगळे त्याच्या डावीकडे येतील.

किल्ली कुणाकडे असते?

---

प्रेषक: यादीचालक

किल्ली माझ्याकडे. पावणेचारला येतो.

---

प्रेषक: बापू

हातवाल्या खुर्च्या वरच्या खोलीत आहेत. खाली कोण आणणार? मी नाही.