मानक-पालनाचं पान ठेवायचं की टेस्टवर सोडायचं?

कंस_उघडा:
आमची जेसन (माहितीची देवाणघेवाण करायचा एक मजकूर-साचा) वाचणारी मुक्त स्रोत लायब्ररी आहे, म्हणजे इतरांच्या प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड. आम्ही कुठलं मानक कितपत पाळतो, हे सांगणारं पान सहा वर्षं मी सांभाळतोय. आता एका सहकाऱ्याने ते काढून टाकायची पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) दिली आहे. म्हणणं असं की टेस्ट (कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम) हिरव्या आहेत, म्हणजे पास होताहेत, मग पान कशाला? माझा ठाम विरोध आहे.

पानावर चूक सापडली हे खरं. 'आरएफसी ४६२७ पूर्णपणे पाळतो' असं तिथे होतं. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज, जेसनचे नियम त्यांतच आहेत. २००६ च्या त्या आरएफसीत सगळ्यात बाहेर ऑब्जेक्ट (नाव-किंमत जोड्यांचा गट) किंवा ॲरेच (यादीच) लागतो. २०१४ च्या ७१५९ ने ती अट काढली, मागोमाग आमच्या कोडनेही काढली. पान तसंच राहिलं. नुसतं ४२ लिहिलेली फाइल आम्ही बिनतक्रार घेत होतो आणि पान सांगत होतं, घेत नाही. पण म्हणून पानच पुसायचं?

हिरवी_खूण:
हो, पुसायचं. कोड चुकला असता तर टेस्ट लाल झाली असती. पान चुकलं ते कोणाला कळलंही नाही. कोड बदलणारा एक, पान लिहिणारा दुसरा, वर रिलीजची घाई. पान शिळं होणारच. त्या 'पूर्णपणे'वर विसंबून कोणी स्वतःची तपासणी गाळली तर? जेसन टेस्ट सूट (पार्सर, म्हणजे जेसन वाचणारा कोड, तपासायच्या नमुना फाइलींचा तयार संच) चालवा, निकाल उघड ठेवा, बास.

कंस_उघडा:
तो सूट चालवतोच. त्यात 'वाय'ने सुरू होणारी फाइल पार्सरने घेतलीच पाहिजे, 'एन'ची नाकारलीच पाहिजे आणि 'आय'ची घेतली काय, नाकारली काय, दोन्ही चालतं. एकाच ऑब्जेक्टमध्ये तीच की (किमतीचं नाव) दोनदा आली, तर ती फाइल 'वाय'मध्ये आहे. घेतली की पास. दोनपैकी कुठली किंमत ठेवली, हे सूट विचारतच नाही.

आणि घात तिथेच होतो. २०१७ मध्ये कौचडीबी या डेटाबेसमध्ये हेच निघालं. दोनदा 'रोल्स' (वापरकर्त्याच्या भूमिका) ही की लिहिलेला दस्तऐवज आला की लिहायची परवानगी तपासताना जावास्क्रिप्टचा पार्सर दुसरी किंमत बघायचा आणि पुढे त्या वापरकर्त्याचे हक्क ठरवताना अर्लांग भाषेतला पार्सर पहिली. साध्या माणसाला ॲडमिन होता येत होतं. दोन्ही पार्सर आपापल्या जागी नियमातच होते! आमच्या पानावर ओळ आहे: 'दुहेरी की: शेवटची किंमत राहते, इशारा मिळत नाही.' हिरव्या खुणेत हे कुठे वाचायचं?

हिरवी_खूण:
मग त्याचीच टेस्ट लिहा, नावही तेच द्या. उद्या कोणी वागणूक बदलली तर ती मोडेल. तुमची ओळ कशानेच मोडत नाही, मला तीच भीती आहे.

रिकामी_ओळ:
मी लायब्ररी निवडणाऱ्यांच्या बाजूची. मी आधी 'नाही'चा रकाना वाचते. एसक्यूलाइट या डेटाबेसचं 'आमच्याकडे काय नाही' सांगणारं स्वतंत्र पान आहे. राइट आणि फुल आउटर जॉइन (तक्ते जोडायचे दोन प्रकार) २०२२ च्या ३.३९ आवृत्तीपर्यंत त्यात होते. त्या पानामुळे माझे दिवस वाचलेत. टेस्टची फाइल उघडून हे शोधायला मला कोणी लावू नये. आणि नुसतं 'अंशतः' लिहू नका हो, काय राहिलंय ते लिहा.

तक्ता_सात:
पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची रीत बघा. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकातल्या वैशिष्ट्यांची एकच साधी मजकूर फाइल कोडसोबत असते. दस्तऐवजातले तक्ते तिच्यातून निघतात आणि डेटाबेसमध्ये क्वेरी करून दिसणारी यादीही तिच्यातूनच. सक्तीच्या १७७ पैकी किमान १७० वैशिष्ट्यं पाळतो असं ते लिहितात, आणि काय पाळत नाही त्याचाही तक्ता देतात. फाइलमधलं हो-नाही मात्र माणूसच भरतो.

हिरवी_खूण:
कोडसोबत फाइल असेल तर माझा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा नवख्यांसाठी. पहिल्यांदाच छोटी दुरुस्ती घेऊन आलेल्याला आरएफसीतला परिच्छेद शोधायला लावलंत, तर तो परत येणार नाही.

कंस_उघडा:
त्याच्याकडून नकोच, ओळ मी भरेन. पण ओळ भरल्याशिवाय पार्सरमधला बदल मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) होणार नाही, यावर मी अडून राहणार. दर ओळीत आरएफसीचा क्रमांक, कुठल्या आवृत्तीपासून लागू आणि तुम्ही म्हणता त्या टेस्टचं नाव. ती टेस्ट सापडली नाही तर बिल्ड (कोडची आपोआप बांधणी) थांबेल. 'पूर्णपणे' हा शब्द आजच काढला. दुहेरी कीची टेस्ट तुम्ही लिहाल का?

हिरवी_खूण:
लिहितो. पण इशारा का मिळत नाही, हा वेगळा इश्यू (चर्चेसाठीची नोंद) उघडतोय.