चौथ्या वर्षी खर्च निघतोच, मग एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची की पैसे बाजूला टाकायचे?

हिशेबी

गाडी तीन-साडेतीन वर्षांची, चाळीस हजार किलोमीटर. कंपनीची वॉरंटी नुकतीच संपलेली, पैसे भरून ती वाढवून (एक्स्टेंडेड) घेतलेली नाही. सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी सल्लागाराचा फोन येतो: "सर, पुढचे लिंक रॉड गेलेत, ब्रेक डिस्क बदलाव्या लागतील, बॅटरी वीक दाखवतेय, एसीचा गॅस कमी आहे." तीसेक हजारांचं एस्टिमेट. मग घरात एकच सूर, 'तेव्हाच एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायला हवी होती.'

माझं म्हणणं, घेतली असती तरी यातलं फारसं काही मिळालं नसतं. पॉलिसीच्या मागच्या पानावरची वगळलेल्या भागांची यादी वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, डिस्क, वायपर, बल्ब, बॅटरी, टायर, बेल्ट, फिल्टर, बहुतेक ठिकाणी रबरी बुश. म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी जे हमखास जातं ते सगळं 'झीज' या खात्यात. उरतात ते भाग सहसा जात नाहीत. साध्या पेट्रोल गाडीला चौथ्या-पाचव्या वर्षासाठी दहा ते वीस हजारांच्या आसपास मागतात. तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाका, दरमहा हजाराची भर घाला. दोन वर्षांत कुठलाही नेहमीचा खर्च त्यातून भागतो, आणि काही निघालं नाही तर पैसे तुमचेच.

मेकॅट्रॉनिक

नेहमीच्या खर्चापुरतं बरोबर आहे. पण वॉरंटी नेहमीच्या खर्चासाठी नसतेच. लिंक रॉडसाठी कोणी विमा काढत नाही.

आजच्या गाडीत एकेक भाग असा आहे की गेला तर तुमचं ते वेगळं खातं एका झटक्यात रिकामं. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगचा कॉलम, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू), टर्बो, डिझेलचे इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, एसी कॉम्प्रेसर, टचस्क्रीन. यातले बरेच भाग डीलरकडे उघडून दुरुस्त करत नाहीत, अख्खं युनिट बदलतात. स्टीअरिंग कॉलममधला टॉर्क सेन्सर बिघडला तरी बिल येतं पूर्ण कॉलमचं.

आणि 'बाजूला टाका' म्हणणं सोपं आहे. बाजूला टाकलेले पैसे दिवाळीत सोफ्यावर खर्च होतात.

गाडी कुठली हे पाहा. साधं पेट्रोल इंजिन आणि हाताचा गिअर असेल तर तुमचा हिशेब मान्य. टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच, सनरूफ आणि ३६० अंशाचा कॅमेरा असलेली एसयूव्ही असेल तर वॉरंटी न घेणं हा जुगार आहे.

दहा-बाराचा पाना

दोघंही एस्टिमेट खरं धरून भांडताय. वरच्या त्या चार ओळींत बदलायलाच हवं असं किती, हे आधी तपासा की.

डिस्क. प्रत्येक डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, 'मिन' असं लिहून. नवी २२ मिमीची असेल तर बहुधा २० च्या आसपास. व्हर्नियर लावून मोजा, पण कडेला न झिजलेली धार राहते ती सोडून, नाहीतर आकडा चुकीचा येतो. जाडी शिल्लक असेल आणि ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरत नसेल, तर डिस्क बदलायचं कारण नाही. पॅडचं मटेरियल ३ मिमीवर आलं की बदला.

लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी. लहान खड्ड्यांवरून हळू जाताना 'कटकट' आवाज. हा तपासायचा तर गाडी पिटवर, चारही चाकांवर उभी असताना हाताने हलवून. दोन्ही चाकं लोंबकळती ठेवली की ढिलाई लपू शकते. स्पीड ब्रेकरवर 'धप' असा जड आवाज येत असेल तर लिंक रॉड नाही, स्ट्रटचं वरचं माउंट किंवा लोअर आर्मचा बुश पाहा. वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर व्हील बेअरिंग. डावीकडे वळताना घरघर वाढली तर उजव्या चाकाचं, कारण भार तिकडे जातो. टायर असमान झिजले असतील तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी पुढचे टायर मागे टाकून बघा.

बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. स्टार्टर मारताना साडेनऊच्या खाली कोसळली तर ती गेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं. नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून हेडलाइट लावून मोजा. बॅटरी ठणठणीत असून रोज उतरत असेल तर गळती शोधा. लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबलात की सगळी मॉड्यूल झोपतात, त्यानंतर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट वाहत असेल तर काहीतरी जागं आहे. बहुतेक वेळा डॅशकॅम.

एसी. गॅस 'संपत' नाही, गळतो. बॉनेटखाली स्टिकरवर ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं, छोट्या गाडीला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. नुसत्या प्रेशर दाखवणाऱ्या दोन मीटरच्या भरवशावर 'अंदाजे' भरणाऱ्याकडे जाऊ नका. आधी नायट्रोजनचं प्रेशर किंवा यूव्ही डाय टाकून गळती शोधायची, भाग बदलायचा, वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम ओढायचा, पंप बंद करून सुई जागेवर टिकते का पाहायचं, मग वजनाने गॅस. गळती न शोधता भरून दिला की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. कंडेन्सर पुढे असतो, खडी लागून फुटतो, तो बदलणं सोपं. कूलिंग कॉइल गळत असेल तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. भागापेक्षा मजुरी जास्त.

एवढं केलंत की तीस हजारांचे आठ-दहा होतात.

अर्धा क्लच

पाना, सगळं मान्य, पण हे करणार कुठे? डीलरकडे वर्कशॉपच्या आत सोडत नाहीत. आणि बाहेर उघडली की वॉरंटी गेली.

कलमबहाद्दर

ही समजूत फार पसरलेली आहे आणि पसरवलीही जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला. कारण हेच, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजपर्यंत पोहोचू दिली जात नव्हती. त्याच आदेशात असंही होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर वाद चालला. पण बाहेर ब्रेक पॅड बदलले म्हणून टचस्क्रीनचा क्लेम नाकारणाऱ्याला याच आदेशाचा हवाला देऊन लेखी कारण मागा. तोंडी 'पॉलिसीत बसत नाही' म्हणणारे कागदावर लिहायची वेळ आली की बरेचदा नरमतात.

रिकॉल, म्हणजे दोष आढळल्यावर कंपनीने स्वतः गाड्या परत बोलावणं, मात्र या सगळ्यापेक्षा वेगळा. चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. रिकॉलमधलं काम वॉरंटी संपली असली तरी फुकट होतं.

मेकॅट्रॉनिक

कायदा तुमच्या बाजूने असणं आणि शनिवारी संध्याकाळी गाडी हातात मिळणं यात फरक आहे. वॉरंटी चालू असेपर्यंत ऑइल आणि फिल्टर डीलरकडेच करा, वेळेच्या आत. क्लेम नाकारायचं सगळ्यात आवडतं कारण चुकलेली सर्व्हिस आहे, आणि त्याखालोखाल बाहेर बसवलेले फॉगलॅम्प, ज्यांसाठी मूळ वायर कापलेली असते. कपलरवाली वायरिंग किट वापरा, टेपच्या पट्ट्या नकोत.

पंपावरचा

एवढी चर्चा झाली आणि ई-२० चं, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, नाव कोणी काढलं नाही? निम्मे खर्च त्या पेट्रोलचेच आहेत.

दहा-बाराचा पाना

लिंक रॉड पेट्रोल पितो का?

गंमत सोडा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतं, ते खरं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर आणि प्लॅस्टिकचे भाग ई-२० सोसतील असे आहेत, त्यामुळे आधी गाडी कधीची ते सांगा. खरी काळजी पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं. मर्यादेपेक्षा जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि गाडीचा पंप तळातूनच ओढतो. पावसाळ्यात पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी गचके देऊ लागली तर इंजेक्टर बदलायच्या आधी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर बाटली आणि पंपाची पावती जपून ठेवा.

घाटपायथा

बीएस-६ या प्रदूषण मानकातल्या डिझेलवाल्यांचं दुखणं या वादात आलंच नाही, आणि तिथे वॉरंटी आणि वेगळं खातं दोन्ही कमी पडतात. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर असतो. धुरातली काजळी तो धरून ठेवतो आणि ठरावीक भरला की जास्तीचं डिझेल सोडून सहाशे अंशांच्या आसपास जाळून टाकतो. त्यासाठी इंजिन सलग गरम लागतं. गाडी रोज घर-शाळा-भाजी अशी तीन किलोमीटर फिरत असेल तर जाळणं दर वेळी अर्धवट राहतं. न जळलेलं डिझेल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल 'मॅक्स'च्या वर चढलेलं दिसलं की समजायचं. ऑइल वाढतंय म्हणून आनंद नको, ते पातळ झालंय.

डीपीएफचा दिवा लागला तर त्याच दिवशी हायवेला घ्या. साठ-ऐंशीचा वेग, एक गिअर खालचा, दोन ते अडीच हजार आरपीएम, वीसेक मिनिटं, मध्ये बंद न करता. दिवा गेला नाही किंवा चेक इंजिनही लागलं तर स्कॅनरवरून फोर्स्ड रिजनरेशन, म्हणजे वर्कशॉपमध्ये मुद्दाम काजळी जाळणं. ऑइल कमी राखेचंच, डब्यावर एसीईए सी हा वर्ग लिहिलेलं, मॅन्युअलमध्ये असेल तेच. राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते. आणि कोणी डीपीएफ काढून 'रिमॅप' (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून) करून देतो म्हणाला तर तो प्रकार कायद्यात बसत नाही.

अशा वापराला कंपनी 'वापराची पद्धत' म्हणते आणि क्लेम नाकारते. महिन्याला पाचशे किलोमीटर शहरातच फिरणाऱ्या कुटुंबाने डिझेल घेऊच नये. पण ही चूक शोरूममध्ये होते, वर्कशॉपमध्ये नाही.

हिशेबी

मेकॅट्रॉनिक, तुमची यादी पुन्हा वाचली. टर्बो, ड्युअल क्लच, डिझेल इंजेक्टर. म्हणजे तुमचा मुद्दा वॉरंटीपेक्षा गाडीच्या निवडीचा झाला. जी घ्यायची तिची चौथ्या वर्षाची किंमत घेतानाच धरावी, एवढंच त्यातून निघतं. साध्या गाडीवाल्यांसाठी मी म्हणतो तेच ठेवतो. त्यातही मारुतीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटीच तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली आहे. पैसे देऊन आणखी दोन वर्षं घ्यायची गरज अशा गाडीला कमीच.

आणि जुनं एस्टिमेट आणि नवं एस्टिमेट ताडून पाहताना लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा २८ टक्क्यांचा जीएसटी १८ झाला. भागाची एकूण किंमत उतरलेली दिसली नाही तर विचारा.

मेकॅट्रॉनिक

उलट आहे. गाडी आधीच दारात उभी आहे, ती काही आता बदलता येत नाही. आणि साध्या गाडीतही स्टीअरिंग इलेक्ट्रिकच असतं.

वॉरंटी घेत नसाल तर निदान मूळ वॉरंटी संपायच्या दोन महिने आधी एक दिवस काढा. थंड इंजिन चालू करताना टेक्निशियनला शेजारी बसवा, कारण टायमिंग चेनचा किंवा स्टार्टर मोटरचा आवाज पहिल्या दहा सेकंदांतच येतो. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) साठलेले बिघाडाचे कोड वाचायला सांगा, दिवा लागलेला नसला तरी. मात्र कोड म्हणजे भागाचं नाव नव्हे. पी०४२० आला की लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला निघतात, तर कधी एक्झॉस्टची गळती असते, कधी मागचा ऑक्सिजन सेन्सर. ऑइलचे डाग, स्टीअरिंगचा आवाज, सनरूफची गळती, जे आढळेल ते जॉब कार्डावर लिहून घ्या आणि प्रत घ्या. मुदतीत नोंदवलेली तक्रार मुदतीनंतर 'नवीन' ठरवता येत नाही.

अर्धा क्लच

आणि मुदत संपून महिनाच झाला असेल तर?

कलमबहाद्दर

तर काउंटरवर भांडू नका. गुडविल मागा, म्हणजे मुदत संपली तरी कंपनीने स्वखुशीने दिलेली मदत. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास, चासी नंबर, किलोमीटर आणि तंत्रज्ञाचं लेखी निदान जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल करा, डीलरला प्रत. भाग कंपनीचा, मजुरी तुमची, अशी तडजोड होऊ शकते. सगळ्या सर्व्हिस वेळेत असतील तर तुमची बाजू भक्कम. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, डीलरच्या गावी जायला नको. पण बदललेला जुना भाग परत मागून घ्या आणि तो पुरावा म्हणून दाखल होईपर्यंत भंगारात टाकू नका.

दहा-बाराचा पाना

आणि उंदरांनी वायरिंग कुरतडलं असेल तर गुडविलच्या नादी लागू नका, वॉरंटीत ते येत नाही. विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत काही उचकटू नका. १५०० सीसीपर्यंत क्लेममधले सक्तीचे हजार रुपये तुमच्या खिशातले, त्यावरच्या इंजिनाला दोन हजार. नो क्लेम बोनस जाईल, तेव्हा छोटी वायर असेल तर सरळ सोल्डर मारून, हीट श्रिंक चढवून घ्या.