विमानतळावर अडकलेल्या पोरांचा सिनेमा – नाव सांगा कुणीतरी!

नमस्कार मंडळी,

बऱ्याच वर्षांपूर्वी टीव्हीवर अर्धामुर्धा पाहिलेला एक इंग्रजी सिनेमा शोधतेय. नाताळच्या आदल्या दिवशी बर्फाचं वादळ, विमानं रद्द, आणि एकट्यानं प्रवास करणारी मुलं विमानतळावर अडकलेली. सगळ्यांना एका खोलीत कोंबलेलं, तिथे नुसता धुडगूस (आमच्या वाड्यातला मे महिना आठवला). त्यातली काही पोरं सटकतात आणि एक खडूस अधिकारी त्यांच्या मागे लागतो. होडीत बसून बर्फाच्या उतारावरून सुसाट घसरतात, ते तर पक्कं आठवतंय.

'होम अलोन' नाही! कृपया तेच सुचवू नका.

आठ वर्षांची भाची येतेय, तिला दाखवायचाय. चालेल ना?

प्रतिसाद

होम अलोनचा दुसरा भाग असेल. त्यात विमानतळ आहे.

प्रतिसाद

वरचे साहेब, धागा वाचायची पद्धत आहे हो इथे.
ताई, हा 'अनअकम्पनीड मायनर्स', २००६चा. दिग्दर्शक पॉल फीग, तोच पुढे 'ब्राइड्समेड्स'वाला. खडूस अधिकारी म्हणजे लुईस ब्लॅक, त्याचा वैताग बघण्यासारखा आहे. मूळ गोष्ट एका बाईंनी अमेरिकन रेडिओवर सांगितलेला स्वतःचा आणि बहिणीचा अनुभव. होडी वगैरे अर्थातच सिनेमावाल्यांची. सिनेमा ग्रेट नाही, पण दीड तास मजेत जातो.

प्रतिसाद

माझ्या मुलीला आवडला होता. मोठा भाऊ धाकटीचा सांतावरचा विश्वास मोडू नये म्हणून जी धडपड करतो, ती छान आहे. फक्त एक, त्या भावंडांचे आईवडील वेगळे झालेत, म्हणून तर ती एकटी निघालेली असतात. भाचीला आधी कल्पना द्या.

धागाकर्ती

हाच तो! खूप खूप आभार. वेगळे होण्याचं तिला नवीन नाही, आमच्या ताईकडेही तेच आहे. काळजी निराळीच. ती दिल्लीहून पुण्याला पहिल्यांदाच एकटी येतेय, आणि डिसेंबरातलं दिल्लीचं धुकं तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे सिनेमा ती घरी पोचल्यावरच लावते.

प्रतिसाद

आणि परतीचं विमान?

धागाकर्ती

अरे देवा. परत पाठवताना मीच सोडायला जाते, ट्रेननं.