यिद्दिश न येणाऱ्यांनी केलेलं यिद्दिश नाटक कुणाचं?

पडद्यामागचा
कॅनडात माँट्रियलला एक हौशी नाटक मंडळी आहे, ती यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, नाटकं करते. डोरा वासरमन या बाईंनी 1958 साली उभी केली. बाई मॉस्कोच्या सरकारी यिद्दिश रंगभूमीवर सोलोमन मिखोएल्सच्या हाताखाली तयार झालेल्या. (त्या मिखोएल्सला स्टालिनच्या माणसांनी 1948 साली मिन्स्कमध्ये मारलं आणि अपघात भासवला.) इथले नट दिवसा नोकरीधंदा करतात, संध्याकाळी तालमीला येतात. आज्या आणि नातवंडं एका प्रवेशात. कौतुकच आहे. पण त्यांतल्या बऱ्याच जणांना यिद्दिश येत नाही. संवाद रोमन लिपीत लिहून पाठ करतात. प्रेक्षक वरच्या पट्टीवर इंग्रजी-फ्रेंच वाचतात. याला समाजाची रंगभूमी का म्हणायचं? हे श्राद्ध आहे. जरूर घालावं, पण त्याला बारसं म्हणू नये.

तिसरी घंटा
वाक्य टाळ्यांचं आहे, पण तुम्ही तालमीला कधी बसला आहात का? अर्थ न कळता जोर कुठे द्यायचा हे नटाला कळत नाही, म्हणून शब्दन् शब्द फोडून सांगावाच लागतो. चार महिन्यांनी त्याला व्याकरण येत नसेल, पण शे-दोनशे वाक्यं अंगात मुरलेली असतात, शिव्यांसकट.

आणि समाजाची रंगभूमी म्हणजे फक्त भाषा नव्हे, पैसा कसा फिरतो तेही बघा. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवर यिद्दिश थिएटरं जोरात होती तेव्हा आठवड्यातले मधले प्रयोग सरळ संस्थांना विकले जायचे. एकाच गावाहून आलेल्यांची मंडळं असत, त्यांना 'लान्ड्समानशाफ्ट' म्हणत. मंडळ स्वस्तात अख्खं हाऊस उचलायचं, आपल्या माणसांत तिकिटं खपवायचं आणि वरचे पैसे आजारपणाला, दफनाला, कधी संपाच्या फंडाला जायचे. आपल्याकडे परळच्या दामोदरला कोकणातल्या गावमंडळांनी हेच केलं की. तेव्हा नाटक धंदेवाईक होतं, तरी समाजाचं होतं.

खवचट
ते 'तेव्हा'च. दुसऱ्या महायुद्धाआधी यिद्दिश बोलणारे एक कोटीच्या वर होते. नंतर काय झालं ते सांगायला नको.

आज घरात, बाजारात यिद्दिश बोलतात ते मुख्यतः हसिदी, म्हणजे एका कर्मठ पंथाचे ज्यू. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग, बरो पार्कमधली पोरं यिद्दिशमध्येच भांडतात. ही मंडळी तुमच्या नाटकाकडे फिरकतही नाहीत. बायका-पुरुष एकत्र, त्यात बाईचं गाणं, त्यांना चालतच नाही. पण पुरीमच्या सणाला त्यांचं स्वतःचं 'पुरीमश्पील' होतं. नट पुरुषच, भाषा घरची, प्रेक्षक गल्लीतले. समाजाची रंगभूमी हवी तर ती ही. फक्त अर्ध्या समाजाला मंचावर जागा नाही. घ्या, आता निवडा.

माँट्रियलची सून
निवडायचं कशाला? इथे राहते म्हणून सांगते. 1992 साली याच मंडळींनी इथला फ्रेंच नाटककार मिशेल त्राम्ब्ले याचं 'ले बेल-सर' यिद्दिशमध्ये केलं, 'दी श्वेगेरिन्स' नावाने. मूळ नाटक 1968 चं, माँट्रियलच्या कामगार वस्तीतल्या बायकांच्या 'जुआल' बोलीत. ती ऐकून शिष्ट फ्रेंचवाल्यांनी नाकं मुरडली होती. यिद्दिशलाही शिकलेले लोक 'झार्गोन' म्हणायचे. म्हणजे एका हिणवलेल्या बोलीतलं नाटक दुसऱ्या हिणवलेल्या भाषेत, तेही त्याच शहरात! शेजाऱ्याचं बोलणं आपल्या भाषेत आणणं हे श्राद्ध कसं?

रेवदंडा ते लोद
मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आमच्याकडे पेटी-झांजेवर मोशेची, योसेफची आख्यानं मराठी कीर्तनात व्हायची. त्यामुळे 'ज्यूंची भाषा यिद्दिश' म्हटलं की मला हसू येतं. ती पूर्व युरोपातल्यांची.

पण इस्रायल तिच्याशी कसं वागलं हेही माहीत असू द्या. पहिल्या काही वर्षांत स्थानिक मंडळींना यिद्दिशमध्ये नाटक करायची बंदी होती, परदेशी पाहुण्यांना परवानगी! हिब्रू रुजवायची होती ना. आणि 1987 मध्ये तेल अवीवला 'यिद्दिशपील' हे यिद्दिश थिएटर सुरू झालं. भाषा धोक्याची राहिली नाही तेव्हा लाडाची झाली. माझी मुलं मराठी नीट बोलत नाहीत. उद्या कुणी त्यांना कीर्तन पाठ करायला लावलं तर मी पहिल्या रांगेत बसेन, श्राद्ध म्हणा नाहीतर काही म्हणा.

पडद्यामागचा
त्राम्ब्लेचं माहीत नव्हतं, तेवढं मागे घेतो. मात्र खवचटरावांच्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही. भाषा ज्यांच्या घरात आहे ते मंचावर नाहीत आणि मंचावरच्यांच्या घरात भाषा नाही. ही फट पट्टीवरच्या भाषांतराने बुजत नाही.

माँट्रियलची सून
बुजत नाहीच. प्रयोगात हशा दोनदा येतो. पट्टी वाचणारे आधी हसतात, नटाचं वाक्य पुरं व्हायच्या आत. मग मधल्या रांगांतले काही म्हातारे, वाक्य ऐकून. मागच्या वेळी माझ्या शेजारच्या आजी दोन्ही वेळा हसल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, भाषांतर चुकलंय म्हणून पहिल्यांदा हसले.