मदत हवी आहे: ग्वाल्हेर, लष्कर भागात हवा कोणत्या वेळी बरी?

मंडळी, बाबांना दमा आहे. हिवाळ्यात फिरायला कधी न्यावं हे ठरत नाहीये. ‘समीर’ या सरकारी ॲपवरचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) 24 तासांच्या सरासरीवर असतो, सकाळ-दुपारचा फरक त्यात बुडतो. म्हणून सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) साइटवरून सिटी सेंटर इथल्या हवा मोजणाऱ्या केंद्राचे पीएम 2.5 चे (हवेतले अतिसूक्ष्म कण) तासागणिक आकडे काढले. रात्री-पहाटे चढतात, ऊन तापलं की उतरतात (गार हवा जमिनीलगत अडकते, एवढं कळलं). पण आम्ही राहतो लष्कर भागात, बाजाराच्या गल्लीत. दुपारी तिथे रहदारीच रहदारी. गच्चीवर स्वस्तातला सेन्सर लावलाय, तो धुक्यात भलताच फुगवून सांगतो, ओलाव्यामुळेच असणार. मास्क बाबा लावत नाहीत, तो सल्ला कृपया नको.

आमच्या गल्लीसाठी महाराज बाड्याच्या केंद्राचे आकडे जवळचे मानावेत का? आणि आर्द्रता साधारण किती टक्क्यांवर गेली की सेन्सरचा आकडा सोडून द्यायचा?